घरासाठी कुत्रा : मुधोळचा की गावठी?



“घरी एखादा कुत्रा असावा असे मुलांनी धरले आहे, तर कोणता आणू?” असा प्रश्न वर्षातून पाच-दहा वेळा तरी कोणी ना कोणी मला विचारतो. फार थोराड नको, अगदी मांडीवर बसणाराही नको. मध्यम चणीचा, घराची राखण करील आणि मुलांत रमेल असा हवा, ही अट बहुतेकांची सारखीच असते. आम्हां बेळगावकडच्या माणसांपुढे अशा वेळी दोन नावे आपोआप उभी राहतात. एक मुधोळचा शिकारी कुत्रा, ज्याला खेड्यापाड्यांतून ‘कारवानी’ म्हणतात. आणि दुसरा आपल्याच गल्लीतला, कोणी मोल देऊन न घेतलेला गावठी कुत्रा. या दोहोंपैकी कोणत्या घराला कोणता मानवेल, एवढाच विचार आज करावयाचा आहे. तो मी पुस्तकी पांडित्याच्या बळावर करीत नाही. माझ्या हातून एकदा ही निवड चुकली आणि त्या चुकीचे मोल एका मुक्या जनावराने भरले. बोलण्याचा अधिकार मला पोहोचतो, तो तेवढ्यापुरता.

प्रथम मुधोळच्या कुत्र्याविषयी. मुधोळ हे पूर्वीचे घोरपड्यांचे संस्थान. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. वायव्येकडून दख्खनेत उतरलेल्या व्यापाऱ्यांच्या आणि शिपाईगड्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, या कुत्र्याचे पूर्वज इकडे आले असावेत, असे मानतात; आणि पश्चिम आशियातील सलुकी जातीशी त्याच्या बांध्याचे साम्य पाहिले म्हणजे ते संभवनीयही वाटते. खेड्यांतून विखुरलेल्या या जातीकडे डोळसपणे पाहिले ते मुधोळचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी. त्यांनी निवडक नर-माद्या जमवून पैदास करविली. इंग्लंडचे बादशहा पाचवे जॉर्ज यांस त्यांनी एक जोडी नजर केली आणि तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले, अशी हकीकत सांगतात. केनेल क्लबच्या दप्तरी मात्र त्याची नोंद ‘कारवान हाउंड’ अशीच आहे.

संस्थान विलीन झाले, तरी कुत्रा राहिला. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यक विद्यापीठाने या जातीच्या संवर्धनासाठी केंद्र चालविले आहे. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय जातींच्या कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत हिमालयीन मेंढ्या राखणारा, रामपूरचा आणि राजपालयमचा यांच्या पंक्तीस मुधोळचाही होता. २०१६ साली लष्कराने या जातीची पिले शिक्षणासाठी मेरठला नेली. आणि ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी नभोवाणीवरील आपल्या भाषणात भारतीय जातींचा गौरव करताना मुधोळचे नाव घेतले. इतका मान मिळाल्यावर, आपल्याही दारी तो असावा असे पुष्कळांना वाटू लागले, यात नवल नाही. परंतु कुत्र्याचा मान ही एक गोष्ट आणि आपल्या घराची सोय ही दुसरी.

या कुत्र्याची उंची खांद्यापाशी सुमारे २५ ते २८ इंच, वजन मात्र वीस ते अठ्ठावीस किलोंच्या घरात. म्हणजे उंच, पण अंगाने हलका. लांब निमुळते डोके, खोल छाती, वर ओढलेले पोट आणि काटक लांब पाय. इतर बहुतेक कुत्री वासाच्या मागाने जातात. हा डोळ्यांनी शिकार करणारा कुत्रा आहे. दूरवर हललेले सावज पाहावे आणि वाऱ्यासारखे धावून ते गाठावे, एवढ्याचसाठी त्याचे सारे शरीर आणि सारे मन पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेले आहे. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेविली, म्हणजे त्याच्याविषयीच्या बाकीच्या सर्व गोष्टी तिच्यातूनच उलगडतात.

त्याला धावण्यास मोकळी जागा लागते; साखळीला धरून कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत नेऊन आणणे, याला तो फिरणे समजत नाही. समोरून मांजर, कोंबडी, शेळीचे करडू वा ससा पळाला, तर तो पाठलाग करणारच. त्या क्षणी धन्याची हाक त्याच्या कानी पडत नाही, आणि ती अवज्ञाही नव्हे. स्वभावाने तो मानी आणि हळवा. आरडाओरडा व काठी यांनी तो शिकत नाही; उलट खट्टू होऊन दूर राहू लागतो. घरच्या माणसांवर त्याचा जीव असतो, परक्याला मात्र तो सहजासहजी जवळ येऊ देत नाही. आणि उगाच भुंकणे त्याच्या स्वभावात फारसे नाही. अंगावर चरबी जवळजवळ नाहीच, केसही आखूड. त्यामुळे नुसत्या फरशीवर निजल्यास कोपरांना घट्टे पडतात. आपणांपैकी कोणी ग्वाल्हेर-इंदूरकडे राहत असतील, तर तिकडच्या थंडीत त्याला गोधडी द्यावीच लागेल. याच कारणास्तव शस्त्रक्रियेच्या वेळी अशा जातींच्या कुत्र्यांना भूल देताना विशेष काळजी घ्यावी लागते. म्हणून पशुवैद्याला जात आधी सांगून ठेवावी.

आता माझी चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत होतो. मुधोळच्या बाजूला एका कामानिमित्त गेलो असता एका शेतकऱ्याच्या अंगणात मी या जातीची पिले पाहिली आणि पाहताक्षणी भुललो. घरी कोणास न विचारता दोन महिन्यांचे एक पिल्लू घेऊन आलो. मुलांनी त्याचे नाव ‘बाण’ ठेविले. चार-पाच महिने सारे कौतुकात गेले. नंतर बाण उंच होऊ लागला आणि घर लहान होऊ लागले. सकाळी वीस मिनिटे मी त्याला साखळीने फिरवून आणीत असे आणि कचेरीत जात असे. उरलेला दिवस तो बारा फुटांच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घाली. त्याने गादी फाडली, दाराची चौकट ओरबाडली. मी त्याला रागावलो. कबूल करावयास लाज वाटते, पण एकदा मारलेही. आई तेवढे म्हणाली, “अरे, याचा काय दोष? हरणाला जिन्यावर बांधून ठेवले आहेस तू.”

तो दहा महिन्यांचा असताना एके संध्याकाळी पट्टा डोक्यावरून निसटला. अशा कुत्र्यांची मान डोक्याइतकीच जाड असते, साधा गळपट्टा त्यांच्या गळ्यात ठरत नाही, हेही मला ठाऊक नव्हते. रस्त्यापलीकडे मांजर पळाले, त्याच्यामागे बाण सुटला, आणि येणाऱ्या मोटारीने त्याच्या पुढच्या पायाचे हाड मोडले. सहा आठवडे पाय पट्टीत होता. त्या सहा आठवड्यांत, त्याला उचलून जिना चढता-उतरताना, मला विचार करण्यास पुरेसा वेळ मिळाला. पाय बरा झाल्यावर गोकाककडे शेती असलेल्या माझ्या मावसभावाकडे त्याला पोहोचविले. वर्षभराने मी तिकडे गेलो, तेव्हा बांधावरून एक उंच, तुकतुकीत कुत्रा धावत आला. त्याने मला ओळखले. माझ्याभोवती तीन फेऱ्या घातल्या, हात चाटला, आणि पुन्हा तो आपल्या गड्यामागे शेतात निघून गेला. मला वाईट वाटले; परंतु त्याहून अधिक समाधान वाटले. चूक कुत्र्याची नव्हती आणि त्याच्या जातीचीही नव्हती. एका चांगल्या कुत्र्याला मी चुकीच्या घरात आणले होते.

आता दुसरा उमेदवार, म्हणजे गावठी कुत्रा. आपल्याकडे ‘गावठी’ हा शब्द हिणकस या अर्थी वापरण्याची वाईट खोड आहे. गावठी म्हणजे चार विलायती जातींची भेसळ, असाही एक समज आहे. तो खरा नाही. मोठ्या शहरांतून अलीकडे पाळीव जातींचे रक्त त्यांत मिसळले आहे हे मान्य; तथापि मूळचा गावठी कुत्रा हा या भूमीतला फार जुना प्राणी आहे. त्याला कोणी राजाने निवडले नाही; ऊन, पाऊस, उपासमार आणि रोगराई यांनीच त्याला पिढ्यान्‌पिढ्या निवडले. जो तगला, त्याचा वंश राहिला. उभे किंवा अर्धे मोडलेले कान, पाचरीसारखे तोंड, आखूड केस, पाठीवर वळलेले शेपूट. उंची सुमारे २० ते २५ इंच, वजन पंधरा ते पंचवीस किलो, अशी त्याची सर्वसाधारण चण असते. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. आपण तसबिरीला हात जोडतो आणि दारातल्या कुत्र्याला हाड म्हणतो, ही विसंगती आपल्या सवयीची झाली आहे, इतकेच.

या कुत्र्याची प्रकृती कणखर. काही विलायती जातींत नाकाचा, खुब्याचा वा कातडीचा त्रास जन्मतःच पाठीस लागलेला असतो. तो गावठीत क्वचित आढळतो. आपली हवा त्याला मानवते, मग ती गोव्यातली दमट असो वा हैदराबादेतली तापलेली असो. बुद्धीने तो चलाख. गल्लीतल्या वाहनांत, माणसांत आणि गुरांत वाढलेल्या आईचे पिल्लू असल्याने कोणत्या गोष्टीला भ्यावे व कोणत्या गोष्टीला भिऊ नये, हे त्याला लवकर उमगते. राखणीच्या बाबतीत तर त्याला तोड नाही. आपली हद्द कोठे संपते, हे सिटी सर्व्हेच्या नकाशापेक्षा त्याला अधिक नेमके ठाऊक असते.

परंतु याचा अर्थ तो निर्दोष आहे, असा नव्हे. एखाद्या प्राण्याची कीव आली, म्हणजे त्याचे दोष झाकण्याकडे आपला कल होतो; त्याने त्या प्राण्याचेही हित होत नाही. गावठी कुत्रा भुंकतो, आणि रात्री अधिक भुंकतो. स्वतंत्र घरात ही राखण ठरते. सदनिकांच्या इमारतीत तीच शेजाऱ्यांशी भांडणाचे कारण होते. तो आपल्या बुद्धीने चालणारा असल्याने सांगितलेले काम लगेच समजतो, परंतु ते करावे की नाही याचा विचारही करतो. दिवसभर एकटा ठेविला तर कंटाळतो आणि वाट काढून बाहेर पडतो. पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्या माणसांत, आवाजांत व जागांत वावरते, त्यांना ते जन्मभर आपले मानते. हा काळ माणसांवाचून गेला, तर पुढे ते बुजरे होते. त्याचा विश्वास संपादण्यास महिनेच्या महिने लागतात. अशक्य नाही, पण धीर हवा. रस्त्यावर वाढलेला प्रौढ कुत्रा एकदम चार भिंतींत आणून साखळीला बांधणे, ही दया नव्हे. त्याला दार हळूहळूच बंद करावे लागते.

असो. आता निवडीकडे वळू. तीन घरे डोळ्यांपुढे आणा.

पहिले घर शेतावरचे किंवा वस्तीवरचे. भोवती दोन-चार एकर मोकळी जागा, घरात राबता, कोणी ना कोणी दिवसभर बाहेर. या घराला मुधोळचा कुत्रा शोभतो आणि मानवतोही. मात्र कोंबड्या, शेळ्या, मांजरे असतील, तर पिल्लूपणापासून त्याला त्यांची सवय लावावी लागेल. आणि तेवढे करूनही नजर ठेवावी लागेल. हे जमणार नसेल, तर याही घरात गावठी बरा.

दुसरे घर गावातले, अंगण-परसू असलेले. येथे खरा विचार करावा लागतो. कुंपण सहा फुटांचे आणि अभंग असेल, जवळपास कुंपण घातलेले एखादे मैदान असेल, आणि घरातील एक धडधाकट माणूस रोज तासभर त्याला पळविण्यास तयार असेल, तर मुधोळचा आणावा. यांतील एक जरी अट सुटत असेल, तर आणू नये. ‘अंगण आहे ना, त्यात धावेल’ असे म्हणू नका. एकटा कुत्रा अंगणात धावत नाही; तो फाटकापाशी बसून वाट पाहतो.

तिसरे घर इमारतीतले. आजी-आजोबा, शाळकरी मुले, दिवसभर नोकरीवर जाणारे आईवडील. येथे मुधोळचा नकोच, हे मी स्वानुभवाने सांगतो. गावठी पिल्लू चालेल. तेही सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास देणारे कोणी असेल तर आणि रात्रीच्या भुंकण्याला आरंभापासून वळण लावण्याची तयारी असेल तर. आजोबांच्या हाती साखळी द्यावयाची असेल, तर ओढणाऱ्या तरण्या कुत्र्यापेक्षा तीन-चार वर्षांची, शांत स्वभावाची, माणसाळलेली गावठी मादी शतपटीने बरी. अशी कुत्री प्राणी सांभाळणाऱ्या संस्थांकडे मिळतात. तिचा स्वभाव काय आहे हे पुढे पाहावे लागत नाही, तो समोर दिसत असतो. आणि एवढेही जमणार नसेल, तर आज कुत्रा न आणणे, हीदेखील एक शहाणपणाची निवड आहे.

खर्चाचे म्हणाल, तर गावठी पिल्लू फुकट मिळते आणि मुधोळचे विकत घ्यावे लागते, एवढाच भेद. पुढचा खर्च दोघांचा जवळजवळ सारखा. मुधोळकडे शेतकरी या कुत्र्यांना ज्वारीची भाकरी, मक्याचा भरडा व दूध घालतात. त्याला अंडी, मांस किंवा निदान डाळ यांची जोड मिळाली पाहिजे. नुसत्या दूधपोळीवर कोणताही कुत्रा नीट पोसत नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट या वस्तू कुत्र्याला विषारी आहेत. आपल्या ताटातील उरलेला रस्सा त्याला घालू नये, तो यासाठी. कोंबडीची शिजलेली हाडेही फुटून घशात वा आतड्यात रुततात.

पिल्लू कसे निवडावे? मुधोळचे आणावयाचे असेल, तर भ्रमणध्वनीवरील छायाचित्र पाहून मागवू नका. जेथे जन्मले, तेथे जा. त्याची आई पाहा. ती शांतपणे समोर येते की माणूस दिसताच दडते, हे पाहणे पिल्लाच्या रंगापेक्षा महत्त्वाचे. मागणी वाढली की खरे-खोटे एकाच भावाने विकले जाते, हे लक्षात असू द्या. गावठीच्या बाबतीत भाद्रपदाची आठवण ठेवा. त्या सुमारास माजावर आलेल्या माद्या सुमारे दोन महिन्यांनी वितात, आणि मग कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिले दिसू लागतात. दया येऊन डोळेही न उघडलेले पिल्लू उचलू नये. आठ आठवडे ते आईजवळ आणि भावंडांत राहू द्यावे. चावा किती जोराचा घ्यावा, हे ते तेथेच शिकते. तोवर आईला खाऊ घाला आणि पिलांना रोज थोडा वेळ हाताळा, म्हणजे माणसांची सवय लागण्याचा तो मोलाचा काळही वाया जात नाही.

घरी आणल्यावर पहिली वाट पशुवैद्याची. जंतांचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त, आणि सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांवरील लसी. त्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा टोचाव्या लागतात. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, वर्षाने पुन्हा, आणि पुढे वैद्य सांगतील त्याप्रमाणे. गावठी कुत्राच पिसाळतो, हा भ्रम आहे. लस न टोचलेला कोणताही कुत्रा त्या रोगाला बळी पडू शकतो, मग त्याची वंशावळ कितीही लांब असो. कोणाही कुत्र्याने चावा घेतला, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावून वाट पाहू नये. वयात आल्यावर वैद्याच्या सल्ल्याने निर्बीजीकरण करून घ्यावे, म्हणजे नको असलेली पिले दुसऱ्याच्या दारी सोडण्याची पाळी येत नाही. आणि कुत्रा मुधोळचा असो वा गावठी, लहान मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडू नये.

शेवटी एकच सांगतो. अशा कुत्र्याचे आयुष्य साधारण बारा ते पंधरा वर्षांचे असते. आज सहावीत असलेला आपला मुलगा शिकून नोकरीला लागेल, तोवर हा प्राणी आपल्या घरात असणार आहे. म्हणून निवड करण्यापूर्वी घरातील सर्वांना, विशेषतः ज्यांना कुत्रा नको आहे त्यांना, एकत्र बसवून विचारा : पहाटे कोण उठेल? गावाला गेलो तर कोण सांभाळील? तो म्हातारा होऊन जिन्यावरून उतरेनासा झाला, तर कोण उचलील? या प्रश्नांची उत्तरे एखाद्या माणसाच्या नावानिशी मिळाली, म्हणजे मुधोळचा की गावठी, हे ठरविणे मुळीच कठीण नाही. “आपण सगळे मिळून पाहू” असे उत्तर आले, तर थोडे थांबा.

बाण त्या शेतावर अकरा वर्षे जगला. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही तळमजल्याच्या घरात राहावयास गेलो, आणि समोरच्या अर्धवट बांधकामात जन्मलेली एक तांबूस गावठी मादी आमच्याकडे आली. तिला आणण्यापूर्वी मी घरी सर्वांना विचारले होते. पहाटे उठण्याचे काम माझ्या नावावर पडले, आणि ती असेपर्यंत ते माझ्याच नावावर राहिले.